बैल दोन, पोट एक

"वैनी, डॉट हा कोणता रोग असते?"

नदीकाठच्या किसननं मला हे विचारलं तेव्हा मी मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. किसन पहाणीची, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याची, नकल काढायला आला होता, पण त्याचं मन नकलेत नव्हतं.

"माह्या म्हशीले झाला म्हन्ते. डॉक्टर पाहून गेले. म्हने, म्हैस डॉट मागचा डावा पाय डॉट खूर. म्या इचारलं, डॉट बरा होते का? तर म्हने, अरे, डॉट हाय म्हणून तर खुरापर्यंत पोचलो!"

मी त्याला समजावलं की डॉट म्हणजे नुसतं टिंब. म्हशीच्या खुरात काटा असेल, तो निघेल. जे काय झालंय ते म्हशीला नाही, डॉक्टरांना झालंय.

हे डॉक्टर म्हणजे लटारीभाऊ. कागदोपत्री ते डॉक्टर नाहीत. आमच्या गावच्या पशू दवाखान्यात ते मदतनीस आहेत. लस टोचतात, मलमपट्टी करतात, अडलेली गाय मोकळी करतात. खऱ्या डॉक्टर म्हणजे आदिलाबादहून आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या तेलुगू मॅडम. पण गावाच्या लेखी मॅडम त्या मॅडम, आणि डॉक्टर ते लटारीभाऊ.

उंच, काटकुळा माणूस. जन्मभर गाईम्हशींच्या पोटाखाली वाकून पाठीला जो बाक आला, तो देवळातही तसाच राहतो, त्यामुळे लोकांना ते फार भाविक वाटतात. लोक खिशाला पेन लावतात तिथं यांचं जनावरांचं थर्मामीटर. एकदा बँकेत कारकुनानं पेन समजून ते मागून घेतलं आणि विचार करता करता दातात धरलं. जनावराचा ताप तोंडात बघत नाहीत, एवढंच मी सांगते. लटारीभाऊ तिथं काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता सांगून काय फायदा?"

त्यांना हा डॉटचा आजार जडला तो एका म्हशीच्या लाथेमुळे. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर बसलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दीड महिना घरात बसला. बसल्या बसल्या बायकोचा, शेवंताबाईंचा, मोबाइल हाती आला. त्यात शेतीचा एक खेळ होता. गाईवर बोट ठेवलं की दूध. पुन्हा ठेवलं की पुन्हा दूध.

तसेच ते प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्या दुकानात आले.

"वैनी, तक्रार टाइप करा. लिहा, वासरू कुठं हाय? वासरू नाही तं पान्हा कुठून आला? गाय हाय का नळ हाय?"

मी लिहिलं. त्यांनी पुढं सांगितलं की गाय कधी बसत नाही, रवंथ करत नाही, शेण टाकत नाही, सबब मालकानं ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरला दाखवावं. तक्रार पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आपल्या प्रेमाबद्दल आभार, कृपया पाच तारे द्या.

"प्रेम?" लटारीभाऊ म्हणाले. "म्या शिव्या देल्या, हे म्हन्ते प्रेम!" आणि तिथंच, माझ्या काउंटरवर मूठ आपटून, म्हणजे डावी, त्यांनी जाहीर केलं की असा खेळ आपण स्वतः करू आणि त्यात जनावर जनावरासारखं वागेल.

माझ्या दुकानात एक जुना लॅपटॉप पडून होता. तो ते घेऊन गेले. हिंदी आणि तेलुगू व्हिडिओ बघून, डाव्या हाताच्या एका बोटानं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हा माणूस प्रोग्रामिंग शिकला. मी सुरुवातीला हसले. पण त्यांना ते भराभर समजत गेलं, कारण त्यांनी मनात त्याचा गोठाच बांधला होता.

"क्लास म्हंजे काय वैनी? बैल कसा असावा हे कागदावर लिवलेलं. त्याले दाणापाणी लागत नाही. आन् इन्स्टन्स म्हंजे हा," त्यांनी दुकानासमोर बोट दाखवलं, "हा जो तुमच्या पायरीवर आत्ता शेण टाकून राह्यला."

मी झाडू घेऊन धावले. क्लास आणि इन्स्टन्स यांतला फरक मला तेव्हापासून कायमचा पाठ आहे.

मग एके सकाळी, दुकानात चांगली आठ-दहा माणसं रांगेत असताना, लटारीभाऊ धापा टाकत आत आले.

"वैनी, घोटाळा झाला! माह्या चाळीस बैलाईले पोट एकच हाय!"

रांग वळून बघायला लागली.

"एकाले ढेप चारली, चाळीसच्या चाळीस रवंथ करून राह्यले!"

झालं असं होतं की त्यांनी एक बैल तयार केला आणि त्याच्यावरून चाळीस नकला काढल्या. रंग, शिंगं, वय असा वरचा तपशील प्रत्येक नकलेत नीट उतरला. पण पोट त्यांनी वेगळं बांधलं होतं, आणि नकल काढताना पोट उतरलंच नाही, उतरला तो पोटाचा फक्त पत्ता. त्यामुळे चाळीस बैलांच्या खिशात एकाच पोटाची चिठ्ठी. हे त्यांनी रांगेला अगदी मन लावून समजावलं. रांगेतला एक म्हातारा शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "मंग स्वस्तच पडलं बाप्पा. एकाले चारा आन् चाळीस जोता. हा बैल आमाले द्या."

ते दुरुस्त करायला त्यांनी सगळंच उलटं केलं. आता प्रत्येक गोष्टीची पूर्ण नकल निघेल अशी व्यवस्था केली. बैलाच्या आत शरीर, शरीराच्या आत पोट, पोटाच्या आत चार कप्पे. कारण बैलाच्या पोटाला चार कप्पे असतात आणि लटारीभाऊ त्यातला एकही सोडणार नव्हते. डब्यात डबा, त्यात डबा, आणि मधे सगळीकडे टिंबं. किसनच्या म्हशीचा डॉट आला तो इथूनच.

पण बारा दिवस नवीनच पीडा. खेळातला बैल आजारी पडे. लटारीभाऊ त्याला यादीतून बाहेर काढत, औषध पाजत, बैल टणटणीत होई. पुन्हा यादी उघडावी तर बैल आजारीच. बाराव्या दिवशी ते दुकानात येऊन बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वैनी, बारा दिवस म्या नकलेले औषध पाजलं. असल बैल तसाच कण्हत पडला होता."

असे खचलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. मी चहा सांगितला.

त्या दिवसापासून "नकल का असल?" हे त्यांच्या तोंडी बसलं. कुणी मोबाइलवर लग्नपत्रिका पाठवली की ती नकल. घरी येऊन अक्षता दिल्या तरच असल आणि तरच जेवायला येणार. कुणी म्हणालं, "पोट दुखून राह्यलं," की विचारत, "तुह्यं का तुह्या बैलाचं?" शेवंताबाईंनी वैतागून एकदा विचारलं, "मंग मी काय हावो? नकल का असल?" लटारीभाऊंनी हा प्रश्न फार गांभीर्यानं घेतला. चांगली पाच मिनिटं विचार करून म्हणाले, "तुही नकल निघतच नाही." शेवंताबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना समजावलं की भाऊंच्या भाषेत याहून मोठं कौतुक नसतं. मग त्यांनी भाऊंना पुरणपोळी करून घातली.

मॅडमनाही हा प्रकार कळला. लटारीभाऊ सगळी नावं मराठी ठेवत, पण लिहीत इंग्रजी अक्षरांत. बैल असा लिहिला की इंग्रजीत त्याचा जामीन होतो आणि पोटाचं मडकं होतं. मॅडमनी दवाखान्यात लॅपटॉप उघडा बघितला आणि चष्मा वर केला.

"लटारी गारू, ये क्या है? जमानत के अंदर मटका?"

"नाही मॅडम, बैल के अंदर पेट."

"और मटके के अंदर चार कमरे?"

लटारीभाऊंनी एकेक कप्पा उघडून दाखवला. चारा आधी कुठं जातो, परत तोंडात कसा येतो, मग कुठं उतरतो. मॅडम बघत राहिल्या. संध्याकाळी बसला जाताना माझ्या दुकानात डोकावून म्हणाल्या, "मैंने कॉलेज में रट्टा मारा था. इन्होंने तो बना दिया."

खेळ तयार झाला. नाव 'गोठा'. माझ्या दुकानातून तो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर, असा करत पंचक्रोशीत गेला. कडक खेळ. वासराला आधी पाजलं नाही तर गाय लाथ मारते. दुपारी बाराच्या उन्हात बैल जुंपला तर तो खाली बसतो आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही. पोळ्याच्या दिवशी जू उचललं तर पडद्यावर अक्षरं येतात, "आज पोळा हाय. लाज वाटते का?" आणि खेळ आपोआप बंद होतो.

त्यातली जनावरं गावातलीच. लटारीभाऊंना मंडळातलं, म्हणजे आसपासच्या साऱ्या गावांतलं, प्रत्येक ढोर तोंडपाठ. कोण लंगडतं, कोण डोळा मारल्यासारखं करतं, कोण दावं चावतं, सगळं जसंच्या तसं. लोक आपला बैल खेळात आहे का हे बघायला यायचे आणि भांडायला लागायचे. एकजण म्हणाला, "माह्या बैलाचं शिंग मोडकं काऊन दाखवलं? पोरीचं लगन जमवून राह्यलो, पावणे पाह्यतीन."

"असल शिंग मोडकं हाय," लटारीभाऊ म्हणाले. "तिकडं जोडून आना, इकडं जोडतो."

चूक म्हणून त्यांनी कधी कबूल केली नाही. बैल भिंतीतून आरपार गेला तरी म्हणायचे, "चूक नाही, सोभाव हाय त्याचा." गावानं शेवटी तक्रारी करणं सोडून दिलं. एक तक्रार मात्र थांबेना. ती जोडीची.

खेळ सुरू करताच प्रत्येकाला एक जोडी मिळते. एक बैल बांडा, पांढऱ्यावर तांबडे ठिपके, आणि एक मोरा, तोंडावर पांढरे पट्टे. उभे असले की बांडा दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी टेकवतो. आता खेळणाऱ्याला बाजारात एक बैल विकून गाय घ्यायची असली, तर विकताच येत नाही. एकाला हात लावला की दोघं चालायला लागतात. कितीही बोटं आपटा, जोडी फुटत नाही.

मी एकदा सहज म्हटलं, "भाऊ, लोक म्हणतात हे बघा जरा. इथं पुन्हा तुमचं एका पोटासारखं झालंय."

मला वाटलं, "सोभाव हाय" येईल. आलं नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि समोर आलेला चहा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताबाई दुकानात आल्या. रेशन कार्डाची झेरॉक्स हवी म्हणाल्या, पण कार्ड आणलंच नव्हतं. बाकावर बसल्या आणि पदरानं वारा घेत सांगायला लागल्या.

लटारीभाऊ मूळचे वांकिडीकडचे. मोठा भाऊ नामदेव तिकडेच शेती करतो. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले आणि वाटणी झाली. वावराची झाली, भांड्यांची झाली, शब्दानं शब्द वाढला नाही. शेवटी गोठ्यात दोन बैल उरले, बांड्या आणि मोर्‍या. दोघं एका महिन्यात जन्मलेले, एकाच जुवाखाली वाढलेले. नामदेव म्हणाले, "तू नोकरीवाला, तुले बैल कायले पायजे?" त्यात खोटं काही नव्हतं. पण ते ज्या तोंडानं म्हटलं गेलं ते लटारीभाऊंना लागलं. "माह्या हिश्श्याचा बैल मी नेईन," म्हणाले, आणि मोर्‍याला टेम्पोत घालून इकडे आणलं.

"तो बैल आमच्या दारात रस्त्याकडं तोंड करून उभा राहे बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "बसे ना. खाये ना. यायनं सगळी औषधं केली. हातानं भाकर चारून पाह्यली. सुई लावून रातदिस जवळ बसले. सोळाव्या दिवशी गेला. साऱ्या मुलकातले ढोरं बरे करते हा माणूस, आन् आपला एक बैल..."

तिकडे बांड्या जगला, पण दुसऱ्या कुठल्याही बैलाबरोबर जुवाखाली गेला नाही. मोर्‍या गेल्याचं कळल्यावर नामदेवांनी कुणाच्या तरी हाती एवढाच निरोप धाडला, "डॉक्टर असून मारला." तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. लग्नं झाली, बारशी झाली. कुणी कुणाकडे गेलं नाही.

"म्या तुमाले सांगतलं हे कोनाले सांगू नका," म्हणून शेवंताबाई उठल्या. मी सांगितलं नाही. जोडीची तक्रार घेऊन कुणी आलं की मीच म्हणायला लागले, "सोभाव आहे."

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं, कापसाची पहिली वेचणी चालू होती तेव्हा, एका दुपारी लटारीभाऊ माझ्या काउंटरवर लॅपटॉप मांडून बसले होते. त्यांचा फोन वाजला. दोन्ही हात कामात असले की ते फोन स्पीकरवर टाकतात. तसा टाकला.

"हालो. लटारी का?"

"हो. कोन?"

"नामदेव."

लटारीभाऊंची बोटं जिथं होती तिथंच थांबली. मी झेरॉक्स मशीन बंद केली. सभ्य बाईनं खरं तर बाहेर जायला हवं होतं. पण मला ऐकायचं होतं.

"सुनेच्या मोबाइलवर तुहा तो खेळ आला," फोनमधला आवाज मोठा, वावरात लांबच्या माणसाशी बोलावं तसा होता. "चूक हाय त्याच्यात."

लटारीभाऊंनी लॅपटॉपवर जोडी उघडली.

"बांड्याले तू उजव्या अंगाले जुंपलं. बांड्या डाव्याचा. उजव्याले मोर्‍या राहे. इसरला का?"

मी लटारीभाऊंकडे बघत होते. या माणसानं मोडक्या शिंगावरून अख्ख्या गावाशी भांडण केलं होतं.

"हो दादा," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."



"बदलव मंग."

"बदलवून राह्यलो." त्यांनी दोन ओळींची जागा बदलली. "झालं. आनखी?"

"मोर्‍याचा कान फाटका होता."

"कोनता?"

"डावा. तारीत अडकला होता, तू पोळ्याले घरी आला होता तवा."

"डावा," लटारीभाऊ पुटपुटले आणि लिहिलं. मग बांड्याचं शेपूट, मग घुंगरांची संख्या, मग पाणी पिताना मोर्‍या आधी फुंकर मारायचा ते. नामदेव एकेक चूक सांगत गेले आणि लटारीभाऊ प्रत्येकीला "हो दादा" म्हणत गेले. अर्धा तास गेला. आवाज हळूहळू लहान होत दोन माणसांच्या बोलण्याएवढा झाला. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. मी त्यांना हातानंच सांगितलं, मशीन बिघडली आहे.

"आन् एक," नामदेव म्हणाले. "गोठ्यात माणूस काऊन नाही? बैलं एकलेच फिरून राह्यले."

"माणसाचा क्लास केलाच नाही म्या."

"काऊन?"

लटारीभाऊंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "जमलं नाही."

"मंग कर. दोन कर. आपण दोघं होतो नं."

लटारीभाऊंनी नवी फाइल उघडली. वर 'माणूस' लिहिलं. माणसाच्या आत शरीर, शरीराच्या आत डोकं, डोक्याच्या आत केस. तिथं ते अडले. फोनकडे बघत राहिले.

"दादा."

"काय?"

"तुहे केस... पांढरे टाकू का काळे?"



"येऊन पाह्य," नामदेव म्हणाले, आणि फोन ठेवला.

लॅपटॉप माझ्या काउंटरवर तसाच उघडा टाकून लटारीभाऊ उठले. आदिलाबादला बस बदलून आसिफाबाद, तिथून पुढे वांकिडी. घरी जाऊन पिशवीसुद्धा घेतली नाही. शेवंताबाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या आधी दारात उभ्याच राहिल्या, मग एकदम भाकरी करायला बसल्या, आता खायला कोण आहे याचा विचार न करता.

चौथ्या दिवशी लटारीभाऊ परतले. अंगावर कुणाचा तरी ढगळ सदरा होता आणि हातात वाळकांची पिशवी. सरळ येऊन लॅपटॉपसमोर बसले. फाइल अजून केसांपाशीच थांबली होती.

"काय टाकताय मग?" मी विचारलं. "पांढरे का काळे?"

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"केसच नाहीत, वैनी. एकही नाही. सारं टक्कल पडलं दादाले," ते म्हणाले. "आन् मले मालूमच नव्हतं."